जपानी तांतो आणि त्याचा धातूचा साज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला खंजीर, टोकियोत नोकरी करणाऱ्या भाच्याने लिलावात पाहिलेली मूठ, जुन्या बाजारात घेतलेली एक काळी पट्टी. अशा निमित्तांनी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी कळतील. मात्र वस्तू समोर ठेवून चिंच भिजत घातली असेल, तर आधी प्रश्न ८ वाचा.

१. तांतो म्हणजे नक्की काय? त्याला कट्यार म्हणायचं की खंजीर?

कट्यार तर नक्कीच नाही. कट्यारीची मूठ आडवी असते आणि ती ठोसा मारल्यासारखी खुपसतात. तांतोची मूठ पात्याच्या रेषेतच असते. पातं जवळजवळ सरळ आणि बहुतेक वेळा एकधारी असतं. दोन्ही बाजू सपाट असतात, मधे कणा नसतो. बोलताना खंजीर म्हटलं तरी चालेल, पण जपानी वर्गीकरण आकारापेक्षा लांबीवर चालतं. एक शाकू म्हणजे ३०.३ सेंमी. त्याहून आखूड तो तांतो, एक ते दोन शाकू म्हणजे वाकिझाशी आणि त्यापुढे कताना किंवा ताची या लांब तलवारी. मुठीत जाणारा भाग या मापात धरत नाहीत. टोकापासून पात्याच्या पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात.

२. माझ्याकडचं पातं ३२ सेंमी आहे, पण दिसतं हुबेहूब तांतोसारखं. मग ते काय?

याला ‘सुन्नोबी तांतो’ म्हणतात, म्हणजे थोडा लांबलेला तांतो. चौदाव्या शतकात पाती मोठी आणि रुंद झाली, तेव्हाचे असे बरेच नमुने आहेत. जपानी नोंदणीच्या कागदावर मात्र त्याला वाकिझाशीच लिहिलेलं असेल. कागद लांबी पाहतो, जाणकार घडण पाहतो. त्यामुळे दोन्ही नावं बरोबर आहेत.

३. हे खंजीर हाराकिरीसाठीच असायचे ना?

हा समज फार घट्ट बसलेला आहे. कामाकुरा काळापासून (११८५–१३३३) पुढची काही शतकं तांतो हे अंगलगट झटापटीचं हत्यार होतं. चिलखताच्या फटीतून घुसवण्यासाठी जाड पाठीचा, अरुंद ‘योरोइदोशी’ घडवत. टोकियो राष्ट्रीय संग्रहालयातला आवातागुची योशिमित्सूचा ‘आत्सु तोशिरो’ त्याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याच्या नावातला ‘आत्सु’ म्हणजे जाड. सामुराई घराण्यातल्या स्त्रिया ‘काइकेन’ नावाचा लहान खंजीर जवळ बाळगत.

एदो काळातल्या (१६०३–१८६८) विधिवत सेप्पुकूत, म्हणजे हाराकिरीत, पातं मुठीतून काढून कागदात गुंडाळून समोर ठेवत. म्हणजे सोन्यारुप्याने मढवलेली जी मूठ पाहून हा प्रश्न पडतो, ती त्या विधीत नसायचीच. शांततेच्या त्या काळात सामुराई कताना आणि वाकिझाशी अशी जोडी कमरेला लावू लागले, तांतो घडवणं खूप कमी झालं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्याला पुन्हा मागणी आली. आज दिसणारे सर्वांत नटलेले साज बरेचसे त्या शेवटच्या टप्प्यातले आहेत.

४. धातूच्या साजात कोणकोणते भाग येतात?

मूठ-म्यानासकट सगळ्या साजाला ‘कोशिराए’ म्हणतात. पात्याच्या मुळाशी घट्ट बसणारी बाही ती ‘हाबाकी’. पातं म्यानात धरून ठेवण्याचं काम ती करते. हाताचा बचाव करणारी चकती म्हणजे ‘त्सुबा’, तिच्या दोन्ही बाजूंना पातळ ‘सेप्पा’. मुठीच्या तोंडाशी असलेलं कडं ‘फुची’ आणि शेवटची टोपी ‘काशिरा’. ही दोन एकाच नक्षीची जोडी म्हणून घडवतात. मुठीच्या दोन बाजूंना बसवलेली छोटी शिल्पं म्हणजे ‘मेनुकी’. मुठीच्या लाकडावर बहुधा शंकरमाशाच्या जातीच्या माशाची खरखरीत कातडी असते. हे सगळं बांबूच्या एका खुंटीवर तोललेलं असतं, ती ‘मेकुगी’. ती काढली की सगळा साज सुटा होतो. हे लक्षात ठेवा, प्रश्न ११ त्यावरच उभा आहे.

लांब तलवारीच्या मुठीवर दोरीची वीण असते, तिच्याखाली मेनुकी अर्ध्या झाकल्या जातात. तांतोच्या मुठीवर पुष्कळदा वीण नसतेच, आणि पांढऱ्या कातडीवर मेनुकी पूर्ण उघडी बसते. कारागिराला लपायला जागा राहत नाही. मला तांतोचा साज तलवारीच्या साजापेक्षा जास्त भावतो तो यामुळे.

५. माझ्या तांतोला त्सुबा नाही. हरवला असेल का?

बहुधा नाही. म्यानाचं आणि मुठीचं तोंड थेट एकमेकांना भिडतं त्या घाटाला ‘आइकुची’ म्हणतात आणि त्यात त्सुबा नसतोच. कडेने जेमतेम बाहेर डोकावणारा लहान त्सुबा असेल तर तो ‘हामिदाशी’. मूठ आणि म्यान नीट मिटत असतील, मधे चकतीएवढी फट राहत नसेल, तर काही हरवलेलं नाही.

६. म्यानाच्या बाजूला खोचलेली चपटी पट्टी आणि सुईसारखी वस्तू कशासाठी?

पट्टी म्हणजे ‘कोझुका’, एका लहान चाकूची मूठ. कागद कापणं, काडी तासणं अशी बारीक कामं त्याने होत. दुसरी ‘कोगाई’, केस सारखे करायची सळई. मेनुकी, कोझुका आणि कोगाई या तिघांच्या एकाच विषयावर घडवलेल्या संचाला ‘मितोकोरोमोनो’ म्हणतात. असा संच आजही एकत्र मिळाला तर तो कधीही फोडून विकू नका.

७. हा निळसर काळा धातू कुठला? लोखंड आहे का?

जिथे काळा रंग मऊ आणि खोल दिसतो, कडेला जांभळट-निळी झाक मारते, तो बहुतेक ‘शाकुदो’. तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं मिसळून केलेला मिश्रधातू. ओतल्यावर तो तांब्यासारखाच दिसतो. काळेपणा नंतर आणतात, आणि तोच या कलेचा गाभा आहे. करड्या रंगाचा दिसतो तो ‘शिबुइची’. नावाचा अर्थ ‘चौथा हिस्सा’, म्हणजे तांब्यात चौथा हिस्सा चांदी. प्रत्यक्षात हे प्रमाण बरंच कमी-जास्त असे, आणि त्याप्रमाणे करड्या छटा बदलत.

रंग आणण्याच्या पद्धतीला ‘निइरो’ म्हणतात. वस्तू बारीक कोळशाने घासून लखलखीत करायची, तेलाचा अंशही ठेवायचा नाही. मग ‘दाइकोन’ म्हणजे पांढऱ्या मुळ्याचा कीस तिला लावायचा आणि ‘रोकुशो’ नावाचा तांब्याचा क्षार घातलेल्या गरम पाण्यात ती बुडवून हलवत राहायची. त्या एकाच पाण्यात शाकुदो काळा होतो, शिबुइची करडा, साधं तांबं विटकरी, आणि सोनं तसंच पिवळं राहतं. म्हणजे काळ्या रात्री सोन्याचा चंद्र आणि करडा ढग असं चित्र असेल, तर कारागिराने एकही रंग भरलेला नाही. कुठला धातू कुठे बसवायचा एवढंच त्याने ठरवलं, आणि सगळं चित्र शेवटच्या आंघोळीत एकदम उमटलं. तोपर्यंत त्याच्यासमोर तांबूस-पिवळ्या, जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांचा एक पृष्ठभाग होता. मला हे आजही थक्क करतं.

बिदरी काम पाहिलेल्यांना यातली युक्ती लगेच कळेल. तिथे जस्ताचा मिश्रधातू बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने काळा होतो आणि जडवलेल्या चांदीला काहीच होत नाही. धातू वेगळे, रसायनं वेगळी, पण डोकं एकाच दिशेने चाललेलं.

८. साज काळवंडला आहे. चिंच, लिंबू किंवा पितळेची पावडर लावून घासू का?

नाही. तांब्याचा हंडा आपण दिवाळीला चिंच-मिठाने उजळवतो, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. पण प्रश्न ७ मधला काळा रंग म्हणजे मळ नव्हे. तो मुद्दाम आणलेला अतिशय पातळ थर आहे, आणि आंबट पदार्थ तो मिनिटांत उतरवतो. मी स्वतः पहिली कोझुका घेतली तेव्हा तिचा एक कोपरा लिंबाने पुसला. तिथे आजही तांबूस डाग आहे. निइरो पुन्हा करता येतं, पण ते काम निष्णात धातूकारागिराचं आहे, आणि जुन्या थराची खोली परत येत नाही.

मऊ, कोरड्या सुती कापडाने धूळ टिपणं, एवढंच पुरेसं. घामाचे ठसे शाकुदोवर कायमचे उमटतात, म्हणून हातमोजे घाला. लोखंडी त्सुब्यावरचा गडद तपकिरी थरही राखायचाच असतो. लालसर, हाताला भुकटी लागणारा ताजा गंज असेल तरच जाणकाराला दाखवा.

९. काळ्या पृष्ठभागावर मोहरीसारखे बारीक दाणे आहेत. ते साच्यात ओतलेले असतात का?

ओतलेले नाहीत, एकेक ठोकलेले. याला ‘नानाको’ म्हणतात, म्हणजे माशाची अंडी. टोकाला पोकळ वाटी असलेला बारीक खिळा धातूवर ठेवायचा आणि एक ठोका द्यायचा. एका ठोक्याला एक दाणा, अशा रांगांवर रांगा. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ठोक्याला ठोका लावत जाण्याची ती शिस्त ओळखीची वाटेल. इथे ती भिंगाखाली पाहावी इतकी बारीक असते. अस्सल कामात भिंगातून पाहिलं तर दाणे गोल, उठावदार आणि रांगेत दिसतात. ओतीव नकलेत ते बसके आणि एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात.

लोखंडावर सोन्याची नक्षी असेल तर पाहा: पृष्ठभागावर आडव्या-उभ्या बारीक रेघा खरवडून त्यात सोन्याचा पत्रा ठोकून बसवलेला असतो. ‘नुनोमे झोगान’ म्हणतात ते हेच. आपल्याकडच्या तलवारींच्या मुठींवर कोफ्तगिरी याच रीतीने केलेली असते.

१०. हा साज कोण घडवत असे? पातं घडवणारा लोहारच का?

बहुतेक वेळा नाही. पात्याचा लोहार, म्यानवाला, लाखकाम करणारा, मूठ बांधणारा आणि धातूची नक्षी करणारा असे वेगवेगळे कसबी होते.

नक्षीकारांत पहिलं नाव गोतो घराण्याचं. त्याचा मूळपुरुष गोतो युजो (१४४०–१५१२) हा शोगुन (लष्करी राज्यकर्ता) आशिकागा योशिमासाच्या पदरी होता. पुढे पिढ्यान् पिढ्या हे घराणं राज्यकर्त्यांसाठी काम करत राहिलं. शाकुदोवर नानाको, त्यावर उठावाचे सोनेरी सिंह नि ड्रॅगन, ही त्यांची दरबारी भाषा. तिला ‘इएबोरी’ म्हणजे घराण्याचं कोरीवकाम म्हणत.

योकोया सोमिन (१६७०–१७३३) या चाकोरीतून बाहेर पडला आणि एदो (आजचं टोकियो) शहरात स्वतंत्रपणे काम करू लागला. त्याने तिरप्या छिन्नीने अशी रेघ कोरली की ती कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी एका बाजूला खोल आणि दुसरीकडे उथळ होत जाते. धातूवर शाईचं चित्र काढल्यासारखं. याला ‘काताकिरीबोरी’ म्हणतात आणि या शहरी परंपरेला ‘माचीबोरी’. त्याच सुमारास नारा घराण्यातले तोशिनागा, सुगिउरा जोई आणि त्सुचिया यासुचिका (१६७०–१७४४) हे तिघे नावाजले. यासुचिका मला त्यांच्यात सर्वांत जवळचा वाटतो. तो धातूला मोकळी जागा ठेवू देतो.

शेवटी कानो नात्सुओ (१८२८–१८९८). २८ मार्च १८७६ च्या हुकुमाने तलवार लावून फिरणं बंद झालं आणि हजारो हातांचं काम गेलं. पुष्कळ जण निर्यातीच्या फुलदाण्या आणि डब्यांकडे वळले. नात्सुओने मेइजी काळातल्या (१८६८–१९१२) सरकारच्या नव्या नाण्यांचे नमुने कोरले आणि पुढे टोकियोच्या कलाशाळेत शिकवलं. त्या काळच्या जपानी नाण्यावरचा ड्रॅगन पाहाल तेव्हा तो तलवारीचा साज घडवणाऱ्या हाताचा आहे हे आठवा.

११. पातं चौदाव्या शतकाचं सांगितलं आहे, साजही तेवढाच जुना असेल ना?

असं धरून चालू नका. मेकुगी काढली की साज सुटतो. पातं वारशाने पुढे जात असे आणि साज काळाप्रमाणे, मालकाच्या ऐपतीप्रमाणे बदलत असे. चौदाव्या शतकाचं पातं, सतराव्या शतकाची मेनुकी आणि एकोणिसाव्या शतकाचं म्यान ही जोडणी अगदी सर्वसाधारण आहे. तिला खोटं म्हणायचं कारण नाही.

पातं साध्या पांढऱ्या लाकडी ‘शिरासाया’त आणि साज वेगळा, असं मिळालं तर गोंधळू नका. होनोकी लाकडाची शिरासाया ही पात्याची विश्रांतीची जागा. साज कोसळू नये म्हणून त्यात लाकडाचं खोटं पातं घालतात, त्याला ‘त्सुनागी’ म्हणतात. क्वचित साजाचे सगळे भाग एकाच कारागिराच्या हातचे असतात. अशा ‘इस्साकु’ साजाला संग्राहक वेगळा मान देतात.

१२. पात्यावर देवनागरीसारखं अक्षर कोरलं आहे. हे भारतातून गेलेलं पातं आहे का?

पातं नाही, पण अक्षर भारतातूनच निघालं. ते सिद्धम् लिपीतलं बीजाक्षर आहे, जपानीत ‘बोंजी’. नवव्या शतकाच्या सुरुवातीला कूकाई या बौद्ध भिक्षूने चीनहून आणलेल्या तांत्रिक बौद्ध परंपरेबरोबर ही लिपी तिथे रुजली. पात्यावर बहुधा फुदो म्योओ, म्हणजे अचलनाथ या उग्र बौद्ध देवतेचं बीजाक्षर असतं. त्याच्या तलवारीला वेढा घातलेला ड्रॅगनही कोरतात. नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयातल्या ‘फुदो मासामुने’ या तांतोवर तर फुदोची मूर्तीच कोरलेली आहे.

मुळाशी दोन समांतर खोबणी असतील तर त्यांना ‘गोमाबाशी’ म्हणतात, म्हणजे ‘गोमा’ विधीतल्या काड्या. हा ‘गोमा’ म्हणजे आपला होम. साजावर पोतं घेतलेला दाइकोकु दिसला तर तो मुळातला महाकाळ, आणि वाद्य घेतलेली बेंतेन ही सरस्वती.

१३. मुठीतल्या भागावर मोठ्या लोहाराची सही आहे. विश्वास ठेवू का?

सही हा पुरावा शेवटी तपासायचा. गाजलेल्या नावांच्या खोट्या सह्या, ‘गिमेई’, शतकानुशतकं होत आल्या. आधी पात्याचा घाट, पोलाद आणि धारेजवळचा पांढुरका पट्टा म्हणजे ‘हामोन’ पाहा. तो पात्याला मातीचा लेप देऊन पाणी पाजताना उमटतो. तेजाबाने काढलेली नक्कल सपाट आणि निर्जीव दिसते. मग मुठीतला भाग, ‘नाकागो’. त्यावरचा जुना, गडद गंज सहीच्या खाचांमध्येही तसाच उतरलेला हवा. हा गंज वयाचा दाखला आहे, तो कधीही काढू नका.

१४. सहीच नाही, म्हणजे कमी प्रतीचं का?

मुळीच नाही. जुन्या काळातली अनेक थोर पाती सहीविना आहेत. साजाच्या बाबतीत तर पहिल्या पिढ्यांतल्या गोतो कारागिरांची कामं बहुधा सहीविना असत. पुढच्या पिढीतल्या घराणेप्रमुखाने ती ओळखून त्यांवर ‘अमक्याचं काम’ असं कोरलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. त्यामुळे एका कोझुकेवर दोन नावं दिसली तर एक कर्त्याचं आणि दुसरं साक्षीदाराचं असू शकतं.

१५. विक्रेत्याकडे जपानी प्रमाणपत्र आहे. आता काळजी नाही ना?

प्रमाणपत्र कशाचं आहे ते वाचून घ्या. १९४८ मध्ये स्थापन झालेली जपानी कलात्मक तलवार संरक्षण संस्था ‘होझोन’, ‘तोकुबेत्सु होझोन’, ‘जुयो’ अशा चढत्या प्रती देते, पण पात्याला वेगळी आणि साजाला वेगळी. पात्याचा कागद साजाबद्दल काहीच सांगत नाही. जपानमधल्या नोंदणीचा कागद, ‘तोरोकुशो’, ही तर तिसरीच गोष्ट: ती फक्त पात्याची कायदेशीर नोंद असते, गुणवत्तेची ग्वाही तिच्यात नसते.

१६. म्यान आणि मूठ पूर्ण कोरीव हस्तिदंताची आहे. फार मौल्यवान असेल ना?

अशा वस्तू बहुधा मेइजी काळात परदेशी गिऱ्हाइकांसाठी बनल्या. कोरीवकाम कधीकधी हाडाचंही असतं आणि आतलं पातं बहुतेक सुमार. सामुराईने वापरलेला तांतो म्हणून त्याला किंमत देऊ नका. शिवाय भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, तेव्हा खरेदीच्या वाटेला जाऊच नका.

१७. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे सांभाळायचं कसं?

पातं शिरासायात, साज वेगळा. पात्याला तलवारीसाठीच मिळणाऱ्या ‘चोजी’ तेलाचा अगदी पातळ हात. चोजी म्हणजे लवंग, पण किराणा दुकानातलं लवंगेचं तेल लावू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून पाहा. पात्याला बोट लावू नका आणि त्यावर वाकून बोलू नका, थुंकीच्या शिंतोड्याने गंज धरतो. साज बंद डब्यात ठेवा, पण ओल शोषणाऱ्या पुड्यांचा मारा करू नका. फार कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि लाखेला तडे जातात.

१८. धार बोथट आहे. धारवाल्याकडून लावून घेऊ का?

कृपा करून नको. चाकाच्या उष्णतेने कडक धारेचं पाणी उतरतं आणि हामोन कायमचा बिघडतो. जपानी ‘तोगिशी’, म्हणजे पाती घासणारे कारागीर, एकामागून एक नैसर्गिक दगडांवर हाताने घासतात, आणि तरीही प्रत्येक घासणीत थोडं पोलाद जातंच. शेकडो वर्षांचं पातं अशा मोजक्याच घासण्या सोसू शकतं.

१९. जपानहून तांतो विकत घेऊन भारतात आणता येईल का?

दोन्हीकडचे कायदे पाहावे लागतात. जपानमधून बाहेर नेताना तिथल्या सांस्कृतिक विभागाची परवानगी लागते आणि तोरोकुशो परत करावी लागते. राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या वस्तू बाहेर जाऊ दिल्या जात नाहीत. भारतात शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात. बरेच तांतो ९ इंच, म्हणजे सुमारे २३ सेंमी, ओलांडतात. शस्त्रांच्या आयातीला परवाना लागतो. पैसे भरण्याआधी सीमाशुल्काचं काम जाणणाऱ्या वकिलाला विचारा.

घरात आधीपासून असलेल्या वस्तूचं वेगळं आहे. ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

२०. मग नुसता साज जमवता येतो का?

येतो, आणि सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवेन. त्सुबा, मेनुकी, कोझुकेची पट्टी यांना पातं नसतं, त्यामुळे जपानमध्ये त्यांना तोरोकुशो लागत नाही. एक चांगली मेनुकी वर्षभर रोज पाहण्यासारखी असते. मात्र जोडीतली एकच मेनुकी, किंवा काशिरा नसलेली फुची स्वस्तात मिळाली तर ती शिकायला घ्या, तिची जोडी पुढे कधी जुळेल या आशेवर नको.

२१. हे सगळं प्रत्यक्ष कुठे पाहायला मिळेल?

टोकियोत राष्ट्रीय संग्रहालय आणि सुमिदा भागातलं तलवार संग्रहालय. क्योतोत सान्नेनझाका चढावरचं कियोमिझू संग्रहालय, तिथे एदोच्या अखेरचं आणि मेइजी काळातलं धातूकाम आहे. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात बिगेलो या अमेरिकी संग्राहकाने जमवलेला मोठा ठेवा आहे आणि ऑक्सफर्डच्या अॅशमोलियनमध्ये त्सुब्यांचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी दिलेल्या संग्रहात जपानी कलावस्तू आहेत. तिथे तांतोच्या आशेने जाऊ नका, जपानी हाताची ओळख करून घ्यायला जा. आणि कुठेही गेलात तरी काचेसमोर थोडं डावी-उजवीकडे सरका. शाकुदोची निळी झाक समोरून दिसत नाही, उजेड तिरपा पडला की दिसते.